गांधारपाल्याचीं लेणीं आणि कुमार विष्णुपालिताची वाट

महाडचें नांव घेतलें कीं इतिहासप्रेमी वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम रायगड उभा राहतो व त्यामागोमाग चवदार तळें. हीं दोन्ही स्मरणें योग्यच आहेत. परंतु ज्या सावित्रीच्या खोऱ्यांत हीं दोन्ही स्थळें आहेत, त्याच खोऱ्यांत त्यांहून फार जुनें असें एक स्थळ अगदीं हमरस्त्याच्या कडेला उभें आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरून दररोज हजारों माणसें त्याच्या पायथ्याजवळून जातात. त्यांतील कित्येकांस डोंगराच्या कड्यांत ओळीनें कोरलेलीं काळीं दारें दिसतात. फारच थोडे गाडी थांबवून वर चढतात. हें स्थळ म्हणजे गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं होत. प्रस्तुत लेखांत या लेण्यांचें, त्यांतील मुख्य शिलालेखाचें व त्या लेखांत आलेल्या एका लहानशा शब्दाचें विवेचन करण्याचा हेतु आहे. आणि त्यावरून, अशा स्थळीं जाणाऱ्या प्रवाशानें कोणत्या वृत्तीनें जावें, याचाही थोडा विचार करावयाचा आहे.

आरंभीं एक खुलासा करणें अवश्य आहे. अष्टविनायकांतील वरदविनायकाचें महड हें क्षेत्र खालापूर तालुक्यांत आहे. आम्ही लिहीत आहों तें महाड सावित्रीकांठचें. दोन्ही गांव पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांत मोडत. त्या जिल्ह्याचें नांव 1981 सालीं रायगड असें झालें. नामसाम्यामुळें जुने कागद वाचतांना घोटाळा होण्याचा संभव असतो, म्हणून एवढें लिहिलें.

स्थान व रचना

महाडच्या वायव्येस सुमारें कोसभर अंतरावर गांधारी नदीजवळ पालें हा गांव आहे. नदीवरून त्यास गांधारपालें म्हणतात. ही गांधारी पुढें सावित्रीस मिळते. गांवामागील डोंगराच्या पूर्वाभिमुख कड्यांत लेणीं कोरलेलीं आहेत. 1883 सालीं प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्यांची संख्या 28 दिली आहे. बारीकसारीक खोल्या निराळ्या मोजल्यास ती वाढते. बहुतेक लेणीं वरच्या ओळींत असून थोडीं खालच्या ओळींत आहेत. पुष्कळशीं अगदीं साधीं: पुढें लहानशी पडवी, मागें एक खोली, खोलींत निजण्यासाठीं दगडांतच ठेवलेला ओटा. कार्ल्याचा भव्य मंडप किंवा अजिंठ्याचे रंग पाहण्याच्या अपेक्षेनें येथें येणाऱ्याची निराशाच होईल. येथें पाहावयाचें तें भिक्षूंचें राहणें.

त्यांत उत्तरेकडील विहार मात्र मोठा आहे. त्याच्या पडवीस स्तंभांची रांग असून आंत प्रशस्त दालन आहे. भिंतीलगत बसण्यासाठीं कट्टा व भोंवतीं खोल्या आहेत. पडवीच्या स्तंभांपैकीं एकच काय तो पुरता घडविलेला दिसतो, बाकीचे नुसते ठोकळे राहिले आहेत. अपुरें राहिलेलें काम शिल्पशास्त्राच्या अभ्यासकास पुऱ्या कामापेक्षां अधिक शिकवितें; कारागिरांनीं आधीं काय घेतलें व मागाहून काय घ्यावयाचें ठेविलें, हें त्यावरून उमगतें. मागील गाभाऱ्यांत बुद्धाची बैठी मूर्ति आहे. आसनाखालीं धर्मचक्र व दोन बाजूंस हरिणें, म्हणजे सारनाथच्या मृगवनांतील पहिल्या उपदेशाची खूण. आरंभींच्या काळांत कोंकणांतील या लेण्यांत मूर्ति नसे, स्तूपाचीच पूजा होई; म्हणून ही मूर्ति मागाहूनची, बहुधा पांचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची, असें मानितात. अर्थात् एकाच डोंगरांत निदान दोन युगांचे हात लागलेले आहेत.

अन्यत्र एका कोनाड्यांत भिंतीतून अर्धा बाहेर आलेला स्तूप आहे. येथील चैत्यगृहें कार्ल्यासारखीं कमानदार छताचीं नसून सपाट छताचीं, चौरस घराच्या धाटणीचीं आहेत. मांदाडजवळील कुड्याच्या लेण्यांतही हाच प्रकार दिसतो. समुद्राकडील या डोंगरांत राहणाऱ्यांनीं आपल्या गरजेपुरतें व दात्याच्या ऐपतीपुरतें घर खोदिलें, हेंच त्यांचें मर्म.

कुमाराचा लेख

येथील मुख्य लेख जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं 1881 सालीं प्रसिद्ध केलेल्या पश्चिम भारतांतील लेण्यांच्या लेखसंग्रहांत आला. भगवानलालजींसारख्या, इंग्रजी विद्यापीठाची पायरी न चढलेल्या पंडितानें केवळ शास्त्राध्ययनाच्या व चिकाटीच्या बळावर ब्राह्मी लेखांचें वाचन करावें, ही गोष्ट आम्हांस सदैव आदरणीय वाटत आली आहे. लिपीच्या वळणावरून हा लेख इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील ठरतो. दुसरें शतक हें मत सामान्यतः रूढ आहे.

लेखाचा आशय असा: सिद्धि असो, कुमार काणभोअ व्हेणुपालित याचें हें लेणें, चैत्यगृह व आठ ओवऱ्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पाण्याच्या पोढ्या, आणि लेण्यास लागून असलेला पथ दिला, हें त्या कुमाराचें धर्मदान आहे. इतकाच लेख. त्यांत राजवंशाचें वर्णन नाहीं, पराक्रमाची यादी नाहीं, शापवचनही नाहीं.

या प्राकृतांतील शब्द मराठी वाचकानें एकदां सावकाश न्याहाळावे. ‘लेण’ म्हणजे संस्कृत ‘लयन’, जेथें माणूस विलीन होऊन राहतो, आश्रय घेतो तें ठिकाण. हाच शब्द आपल्या ‘लेणें’ या शब्दांत जिवंत आहे; दागिन्यास आपण जें लेणें म्हणतों तें निराळ्या धातूपासून आलेलें, त्याशीं याचा संबंध जोडूं नये. ‘चेतियघर’ तर उघडच चैत्यगृह. ‘ओवरक’ म्हणजे संस्कृत ‘अपवरक’, आंतली खोली. देवळाच्या आवारांतील आपली ‘ओवरी’ तीच. ‘उभतो पासेसु’ यांतील ‘पास’ म्हणजे ‘पार्श्व’. आपण रोज ‘माझ्यापाशीं’, ‘तुझ्यापाशीं’ म्हणतों तेव्हां तोच शब्द उच्चारतों. पोढ्या दोन, हें लेखकानें ‘बे’ या शब्दानें व पुढें आंकडा घालून सांगितलें आहे. व्यवहारांत आपण ‘दोन’ म्हणतों, पण शाळेंत मुलें ‘बे एके बे’ म्हणूं लागलीं कीं हा जुना शब्द पुनः कानीं येतो. दीर्घकाळ शाळेंत पाढे ऐकलेल्या माणसास डोंगराच्या भिंतीवर ‘बे’ हें अक्षर भेटावें, याचा आनंद वेगळाच.

दात्याच्या नांवाकडे वळूं. ‘काणभोअ’ म्हणजे काणभोज. प्राकृतांत दोन स्वरांमधील ‘ज’ गळून जातो. राजकुलाचें राउळ झालें तें याच नियमानें. भोज हें नांव आपल्या प्रांतास जुनें आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखांत भोजांचा उल्लेख आहे. कुड्याच्या लेखांत महाभोज मांदव खंदपालित व त्याची आई महाभोजी साडगेरी विजया हीं येतात. मावळांतील बेडसे येथें महाभोजाची कन्या व महारठीची पत्नी सामडिनिका हिनें दान दिल्याचा लेख आहे. यावरून कोंकणपट्टींत व घाटमाथ्यावर महाभोज या पदाचीं कुळें सत्ता चालवीत होतीं व महारठींशीं त्यांचे विवाहसंबंध होत होते, इतकें निश्चित म्हणतां येतें. आमचा कुमार अशाच एका कुळांतील असावा. तो कोणाचा पुत्र, पुढें गादीवर बसला कीं नाहीं, हें लेख सांगत नाहीं व आम्हीही सांगणार नाहीं.

‘व्हेणुपालित’ म्हणजे विष्णुपालित. येथें थोडें थांबणें उचित आहे. कुमाराचें नांव विष्णूनें रक्षिलेला असें. कुड्याच्या महाभोजाचें नांव स्कंदानें रक्षिलेला असें. त्याच कुड्यास लेणें देणारा लेखक शिवभूति. महाडजवळच्या कोल येथील दानलेखांत शिवदत्त हें नांव येतें. कुड्याचें एक चैत्यगृह तर ब्राह्मण उपासक अयितिलु याची भार्या भयिला हिनें दिलेलें आहे. नांवें विष्णूचीं, स्कंदाचीं, शिवाचीं. दान बुद्धाच्या संघास. नांवावरून धर्ममत ठरवितां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. आईबापांनीं ठेविलेलें नांव तेंच राहतें व माणूस पुढें उपासक होऊं शकतो. तरी इतक्या नांवांचा एकत्र विचार करतां एक गोष्ट दिसते कीं, त्या काळच्या या भागांत एका देवाचें नांव धारण करणाऱ्या घरानें दुसऱ्या मार्गाच्या तपस्व्यांस घर, पाणी व वाट देणें यांत कोणास विपरीत वाटत नव्हतें.

‘पथ’ म्हणजे काय

आतां मुख्य शब्दाकडे येऊं. लेखांतील शेवटची देणगी ‘पथ’ ही आहे. गॅझेटियरांतील इंग्रजी भाषांतरांत या शब्दास जो प्रतिशब्द योजिला आहे त्याचा अर्थ बोळ, पडवीवजा जाण्यायेण्याची जागा असाही होऊं शकतो, व तो घेतल्यास ही देणगी लेण्याच्या रचनेचाच एक भाग ठरते. आमच्या मतें येथें ‘पथ’ याचा सरळ अर्थ वाट असाच घ्यावा. त्यास कारणें तीन.

पहिलें, शब्दार्थाचें. संस्कृतांत ‘पथिन्’ किंवा ‘पथ’ याचा रूढ अर्थ रस्ता. अमरसिंहानेंही हा शब्द भूमिवर्गांत मार्गवाचक शब्दांत घातला आहे. घरापुढील पडवीस ‘अलिंद’, ओळीस किंवा बोळास ‘वीथि’ असे शब्द उपलब्ध असतां लेखकानें ते टाकून ‘पथ’ लिहिला.

दुसरें, क्रमाचें. लेखांतील यादी आंतून बाहेर येते. आधीं लेणें, मग चैत्यगृह, मग ओवऱ्या, मग बाहेरच्या दोन्ही अंगांच्या पोढ्या आणि सर्वांत शेवटीं पथ. पथ हा दालनाचा भाग असता तर तो ओवऱ्यांजवळ येता. पाण्याच्या पोढ्यांनंतर तो येतो, तेव्हां तो बाहेरचा.

तिसरें, स्थलाचें. कडा उभा आहे. आज पायथ्यापासून पायऱ्या केलेल्या आहेत, म्हणून चढण सुसह्य होतें. परंतु पायऱ्या नाहींत अशी कल्पना केली तर पावसाळ्यांत त्या निसरड्या कातळावरून भिक्षापात्र घेऊन रोज गांवांत उतरणें किती दुष्कर होतें, हें सहज समजतें. विनयपिटकाप्रमाणें भिक्षूनें भिक्षेस गांवांत जावें, पण वस्ती गोंगाटापासून दूर असावी. फार दूर नको, फार जवळही नको. असें ठिकाण वाटेवांचून वापरतांच येत नाहीं. घर दिलें, पाणी दिलें आणि वाट दिली नाहीं, तर दान अपुरें राहतें. कुमारानें तें पुरें केलें.

हा ‘पथ’ लेण्यालेण्यांमधील कड्यावरची पाऊलवाट होता कीं पायथ्यापर्यंत उतरणारी वाट होती, याविषयीं मतभेदास जागा आहे. विशेषणाचा अर्थ ‘लेण्यास लागून असलेला’ एवढाच होतो. परंतु दोहोंपैकीं कोणताही पक्ष घेतला तरी तो माणसांच्या पायांसाठीं होता, ही गोष्ट बदलत नाहीं.

वाटसरूच्या सोयीस धर्मदान मानण्याची ही रीत त्या काळीं एकट्या महाडची नव्हती. अशोकानें मार्गांवर विहिरी खणविल्या व झाडें लाविलीं, असें त्याच्या दुसऱ्या शिलालेखांत आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात आपल्या दानांची यादी देतो. तींत डहाणू, दमण, तापी इत्यादि नद्यांवर फुकट उतारूंच्या नावा ठेविल्याचा व कांठांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्याचा उल्लेख आहे, आणि त्याच यादींत त्रिरश्मि डोंगरांतील लेणें व पोढ्या आहेत. नाव, पाणपोई, वाट, लेणें हीं सर्व एकाच वहीत लिहिण्याजोगीं पुण्यें होतीं.

घाट, बंदर व दाते

हे दाते येथें कां जमले, याचें उत्तर भूगोलांत आहे. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते व बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबतें महाडच्या आसपासपर्यंत येत, तीं अलीकडच्या काळापर्यंत. महाडहून वरंध घाटानें भोरकडे, व पोलादपुरावरून प्रतापगडाजवळच्या पार घाटानें वाई-कऱ्हाडाकडे असे दोन मार्ग देशावर चढतात. सामान उतरविण्याचें बंदर व सामान चढविण्याचे घाट जेथें भेटतात तेथें महाड वसलें आहे. पार घाटाच्या वरच्या अंगास वाईजवळ लोहारे येथें लेणीं आहेत, पुढें कऱ्हाडास मोठा समूह आहे.

हा संबंध केवळ नकाशावरून काढलेला नाहीं. कुड्याच्या एका लेखांत कऱ्हाडच्या लोखंडविक्या महिक या व्यापाऱ्यानें लेणें दिल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. कृष्णाकांठचा लोखंडाचा व्यापारी राजपुरीच्या खाडीवर दान देतो, याचा अर्थ त्याचा माल किंवा तो स्वतः सह्याद्रि ओलांडून बंदरापर्यंत येत होता. त्याचे बैल कोणत्या घाटानें उतरले हें लेखांत नाहीं. परंतु कऱ्हाडहून खालीं येणाऱ्यास सावित्रीचें खोरें हा एक सरळ रस्ता होता, इतकें म्हणण्यास हरकत नसावी.

महाडांतील दुसऱ्या लेखांत गृहपति श्रेष्ठी संघरक्षित याच्या पुत्राचें दान असून लेण्याबरोबर शेत दिल्याचाही उल्लेख आहे. सावित्रीच्या दक्षिणेस कोल हें गांव आहे. तेथें दोन लहान लेणीसमूह असून तीन त्रोटक दानलेख आहेत. त्यांतील एकांत संघरक्षित श्रेष्ठी हें नांव पुनः येतें, दुसऱ्यांत शिवदत्ताची भार्या धम्मसिरी, म्हणजे धर्मश्री, हिचें. संघरक्षित हें नांव उपासकांत सामान्य असल्यानें महाडचा व कोलचा एकच असें ठरवितां येत नाहीं. पण नदीच्या दोन्ही तीरांवर सावकार, त्यांचे पुत्र व गृहिणी आपापल्या शक्तीप्रमाणें एकेक खोली कोरवून देत होतीं, हें चित्र स्वच्छ दिसतें. विनयपिटकांत भिक्षूंसाठीं पहिले विहार बांधून देणारा राजगृहाचा श्रेष्ठीच होता. ती परंपरा येथें सावित्रीकांठीं चालू राहिली.

ग्रीक नाविकाच्या पेरिप्लस या प्रवासग्रंथांत कोंकण किनाऱ्यावर पालैपत्माइ नांवाचें एक बंदर येतें, व तें हेंच पालें असें कांहीं विद्वानांनीं म्हटलें आहे. नामसाम्य आकर्षक आहे. परंतु त्याच नांवासाठीं दक्षिण कोंकणांतील स्थळेंही पुढें केलीं गेलीं आहेत, आणि केवळ ‘पाल’ या दोन अक्षरांवर बंदर उभें करणें धोक्याचें आहे. पालें, पाल, पाली हीं ग्रामनामें महाराष्ट्रांत जागोजाग आहेत. जुन्या वस्तीचे अवशेष पुराव्यादाखल पुढें येईपर्यंत हा प्रश्न खुला ठेवणेंच शहाणपणाचें.

खोऱ्याची पुढील परंपरा

चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग सातव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रांत आला, तेव्हां येथें शंभरावर संघाराम व सुमारें पांच हजार भिक्षु असल्याचें त्यानें लिहून ठेविलें. त्यानंतर हळूहळू डोंगर ओस पडले. परंतु एकांतासाठीं डोंगराच्या पोटांत शिरण्याची रीत या खोऱ्यानें सोडली नाहीं. महाड तालुक्यांतीलच शिवथरची घळ ही समर्थ रामदासांच्या दासबोधाशीं निगडित असून ती 1930 सालीं धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं शोधून काढिली. पोलादपुरास शिवभारतकार कवींद्र परमानंदाची समाधि आहे. जवळच उमरठ येथें तानाजी मालुसऱ्यांची. भिक्षु, समर्थ, संस्कृत कवि व शूर मावळा असे चार प्रकारचे लोक एकाच नदीच्या आसऱ्यानें गेले. त्यांतील एकाचें नांव घेऊन दुसऱ्यास विसरणें हा इतिहासाचा अपुरा पाठ होय.

यापुढची गोष्ट सांगतांना मन जड होतें, पण ती सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. कुमारानें दोन पोढ्या दिल्या. त्यांतील पाणी कोणास वर्ज्य, असा एक शब्दही लेखांत नाहीं. त्या डोंगरापासून कोसभर अंतरावर महाडांत चवदार तळें आहे. मुंबई कायदेमंडळानें 1923 सालीं रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. महाड नगरपालिकेनें 1924 सालीं तळें खुलें केल्याचा ठराव केला. तरीही प्रत्यक्षांत कोणास पाणी घेतां येईना. गुरांना मोकळें असलेलें पाणी माणसांस बंद होतें. 20 मार्च 1927 रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्यावरून मारहाण झाली, तळ्याचें शुद्धीकरण करण्यांत आलें, दावे लागले. त्याच वर्षाच्या 25 डिसेंबरास महाडासच मनुस्मृतीचें दहन झालें. आणि अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानें मार्च 1937 मध्यें अस्पृश्यांच्या बाजूनें निर्णय दिला. पुढें 14 ऑक्टोबर 1956 रोजीं नागपुरास बाबासाहेबांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

सुमारें अठरा शतकांपूर्वीं जेथें पाणी देणें हें धर्मदान म्हणून कातळांत कोरलें गेलें, तेथेंच पाण्यास हात लावणें हा अपराध ठरला, हा उलटा क्रम ज्या समाजांत घडला त्या समाजाच्या अभ्यासकांनीं त्याकडे डोळेझांक करूं नये. संस्कृत विद्येवर वाढलेल्या आमच्यासारख्यांवर तर हें ओझें विशेष आहे. स्मृतिग्रंथ आम्ही जपून ठेविले व त्यांच्या टीका पाठ केल्या. डोंगरावरचा हा चार ओळींचा प्राकृत लेख मात्र गांवकऱ्यांस समजावून सांगण्यास आमच्यापैकीं फारसे कोणी गेले नाहींत.

प्रवाशाचा आचार

आज या लेण्यांस दोन तऱ्हेचे लोक येतात. एक श्रद्धेनें येणारे: मार्च व डिसेंबर महिन्यांत चवदार तळ्यास येणाऱ्या समुदायांतील पुष्कळजण इकडेही वळतात. दुसरे जिज्ञासेनें किंवा केवळ सहलीसाठीं येणारे. दुसऱ्या वर्गांतील प्रवाशानें हें ध्यानांत ठेवावें कीं, आपण ज्यास प्राचीन अवशेष समजतों तें पहिल्या वर्गाचें जिवंत देवस्थान आहे. पुरातत्त्वाच्या दप्तरांत ‘मूर्ति, उत्तरकालीन’ असें लिहिलेल्या शिल्पापुढें कोणी वृद्ध स्त्री हात जोडून उभी असेल, तर तिचें वंदन होईपर्यंत मोजपट्टी खिशांत ठेवणें हा सभ्यपणाचा पहिला धडा.

बाकीचे नियम जुनेच आहेत व सोपे आहेत. चैत्याजवळ पादत्राणें काढावीं. प्रदक्षिणा करावयाची ती उजवी घालावी. ही रीत स्तूपास आहे तशी आपल्या देवळांसही आहे, तेव्हां ती नव्यानें शिकावी लागत नाहीं. आवाज खालीं ठेवावा. दगडाच्या खोलींत शब्द घुमतो. कोरीव कामावर हात फिरवूं नये. भक्तांनीं मेणबत्त्या व उदबत्त्या शिल्पास खेटून लावूं नयेत. काजळी व उष्णता यांनीं दगडाचा पापुद्रा सुटतो, आणि ज्यास वंदन करावयाचें त्याचीच झीज होते. पोढींत कांहीं टाकूं नये, हें निराळें सांगावयास नको होतें, पण सांगावें लागतें.

भिंतीवर नांव कोरणाऱ्यांविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. येथें नांव कोरण्याचा अधिकार कुमार विष्णुपालितास होता, संघरक्षिताच्या पुत्रास होता, पलीकडे कोलास धर्मश्रीस होता. त्यांनीं आधीं घर, पाणी, शेत, वाट दिली व मग नांव लिहिलें. कांहीं न देतां नांव तेवढें लिहिणारा मनुष्य त्यांच्या पंक्तीस बसूं शकत नाहीं. हीं लेणीं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं असून 1958 च्या कायद्यान्वयें, व विशेषतः त्याच्या 2010 च्या दुरुस्तीनंतर, अशा विद्रूपीकरणास दोन वर्षांपर्यंत कैद व लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. परंतु कायद्याचें भय हा शेवटचा उपाय. शाळेंतल्या मुलास त्या लेखांतील ‘बे’ दाखविलें तर त्याचा हात भिंतीवर उचलणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे.

डोंगराविषयींही आदर हवा. या भागांत वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. 2005 च्या जुलैंत दासगांव, जुई वगैरे ठिकाणीं दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021 रोजीं तळिये येथें वस्तीच्या वस्ती गाडली गेली व त्याच सुमारास महाड शहर पुराखालीं होतें. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. वर्षावासाचे तीन महिने भिक्षूंनीं प्रवास बंद ठेवावा असा बुद्धाचा नियम आहे, व त्याचें हें लेण्यांतलें निवासस्थान त्याच नियमाचें फळ आहे. पावसाळ्याच्या भरांत कड्यावर चढून छायाचित्रें घेण्याच्या हौशीपेक्षां तो नियम अधिक शहाणा होता. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा काळ व सकाळची वेळ उत्तम. लेणीं पूर्वाभिमुख असल्यानें त्या वेळीं उजेड आंत पोंचतो.

उपसंहार

विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. गांधारपाल्याचा मुख्य लेख हा भोजकुळांतील एका कुमाराचा असून त्यांतील ‘पथ’ या शब्दाचा अर्थ वाट असा घेणें शब्द, क्रम व स्थल या तिन्ही दृष्टींनीं सयुक्तिक आहे. दाता नांवानें वैष्णव, ग्रहीता बौद्ध संघ; म्हणजे आपल्याहून निराळ्या मार्गानें जाणाऱ्यास वाट करून देणें हें येथील सर्वांत जुन्या लिखित दानांपैकीं एक आहे. परधर्माच्या स्थळीं आदरानें जाणाऱ्या प्रवाशास याहून थोर पूर्वज शोधावयास नको.

तीन कामें मात्र होण्यासारखीं आहेत व तीं व्हावींत. येथील व कोल येथील सर्व लेखांचे नवे ठसे घेऊन, दगड अधिक झिजण्यापूर्वीं, शुद्ध पाठ मराठी अर्थासह प्रसिद्ध करावे. पायथ्याशीं कुमाराच्या लेखाचें मूळ, मराठी छाया व अर्थ सर्वांस वाचतां येईल अशा ठसठशीत अक्षरांत लावावें. आणि महाड-पोलादपूर तालुक्यांतील शाळांनीं वर्षांतून एक दिवस मुलांस चवदार तळें व हीं लेणीं एकाच फेरींत दाखवावीं. दोहोंपैकीं एकच पाहिलें तर धडा अर्धाच होतो. खर्च फार नाहीं. वाट तर कुमारानें आधींच करून ठेविली आहे.